जुन्या गाडीला सहा सिलिंडर

७ जानेवारी

आज शेड उघडली. कुलूप इतकं गंजलं होतं की आधी तेल सोडून वाट बघावी लागली. आत सगळं ऑगस्टमध्ये होतं तसंच आहे. बॉनेट भिंतीला टेकवलेलं, पुढच्या दिव्यांवर कोळ्यांची जाळी. जुनं चार सिलिंडरचं इंजिन ह्यांनीच बाहेर काढलं होतं, त्यामुळे गाडीच्या तोंडात दात काढल्यासारखी पोकळी. शेजारी ओंडक्यांवर ताडपत्री टाकून नवं इंजिन. नवं म्हणजे मोडीत काढलेल्या एका छोट्या ट्रकचं, डिझेलवर चालणारं. सहा सिलिंडर, सगळे एका ओळीत. जमीन मोजणीच्या नोकरीत ह्यांनी ही गाडी डोंगरदऱ्यांतून फिरवली, निवृत्त झाल्यावर हीच विकत घेतली, आणि तेव्हापासून एकच ध्यास, हिला दमदार इंजिन बसवायचं. इंजिन दारात आलं आणि पुढच्याच आठवड्यात दाढी करता करता हे न्हाणीघरात पडले. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. दोन शब्द तेवढे शिल्लक राहिले, ‘बरं’ आणि ‘नको’.

वन्सं फोनवर म्हणतात, भंगारवाल्याला बोलाव आणि शेड मोकळी कर. त्यांच्या भावाची गाडी, त्यांना बोलायला काय जातं.

जेवताना मी ह्यांना विचारलं, “इंजिन बसवून घेऊ या का?”

“बरं,” म्हणाले.

हे कशालाही बरं म्हणतात. काल भात करपला होता, चालेल का विचारलं, तेव्हाही बरंच म्हणाले होते. पण आजचं बरं वेगळं होतं. निदान मला तसं वाटलं.

१० जानेवारी

मिस्त्री येऊन गेले. ह्यांचे जुने दोस्त, गॅरेज आता मुलाकडे सोपवलंय. गुडघे दुखतात म्हणून गाडीखाली जाताना कण्हतात आणि बाहेर येताना शिव्या देतात. टेपने इंजिन मोजलं, मग ती पोकळी मोजली, मग परत इंजिन मोजलं.

“वहिनी, मोठा पलंग छोट्या खोलीत घालायचाय. म्हणजे आधी भिंत पाडा.”

इंजिन फारच लांब आहे. रेडिएटर पुढे सरकवायचा. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये जो पत्रा आहे तो कापून मागे घ्यायचा. ज्यांवर इंजिन टेकतं ती फाउंडेशनं नव्याने बनवायची. गिअरबॉक्स जुनाच ठेवायचा, त्यामुळे दोघांच्या मध्ये एक जाड जोडप्लेट लेथवर करून घ्यायची. मी सगळं ऐकून घेतलं. चहा पिताना त्यांनी विचारलं, “त्याला हवंय ना पण हे?”

“बरं म्हणालेत.”

मिस्त्री उठून टेप गुंडाळू लागले. मग म्हणाले, “रविवार सोडून रोज येईन.”

रक्त तपासायच्या लॅबमधून मला मार्चअखेरपर्यंत रजा आहे. तोपर्यंत व्हायला हवं. डॉक्टरांनी सांगितलंय, सुधारणा व्हायची असेल तर ती या पहिल्या काही महिन्यांतच. आणि हे दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसून असतात. काहीतरी हवंच ना ज्याच्यासाठी माणूस उठेल.

१५ जानेवारी

मिस्त्रींनी काढलेले नटबोल्ट एका डब्यात कोंबले होते. मला बघवेना. लॅबमधून नमुने घ्यायच्या रिकाम्या डब्या आणल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. ‘रेडिएटर, डावीकडचे.’ ‘पाण्याचा पंप.’ मिस्त्री म्हणाले, आता रिपोर्ट कधी मिळेल? मी बऱ्याच दिवसांनी हसले.

संध्याकाळी व्यायाम घेणारी मुलगी निघताना म्हणाली, “काकू, तुम्ही शेडमध्ये असता ना, तेव्हा काका जास्त चालतात.” आता याला काय म्हणायचं? म्हणजे मी मध्येमध्ये करते असंच ना. मी नाही तर यांना पडताना सावरणार कोण? मुलगी कामाला चांगली आहे, तिला दुखवून चालणार नाही.

२४ जानेवारी

मधले दिवस लिहिण्यासारखं काही नाही. चादरी, औषधं, मऊ भात, चादरी. पाठ धरलीय. सकाळी शर्टाच्या बाहीत ह्यांचा हात घालताना ते मुद्दाम अंग ताठ करतात असं वाटून मी ओरडले. मग कळलं की बाही उलटी होती. हे “बरं” म्हणाले.

शेडमध्ये दुपारभर पत्रा घासत बसले. तिथे गेलं की पाठ दुखत नाही, हे एक आश्चर्यच.

२ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

इंजिन गाडीत उतरवायचं होतं. शेडच्या तुळईला चेन-ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, लावला. मिस्त्रींचा मुलगा दोन माणसं घेऊन आला होता, ती इंजिन साखळीला टांगून देऊन कामावर निघून गेली. राहिलो मी आणि मिस्त्री. ह्यांना मी शाल गुंडाळून खुर्चीसकट शेडच्या दारात आणून बसवलं होतं. आपल्या गाडीचं इंजिन बसतंय आणि आपण आत पडून राहायचं, हे मला पटेना.

मिस्त्री साखळी ओढत होते, इंजिन कडकड करत खाली येत होतं. मी फाउंडेशनचं भोक जुळतंय का बघायला वाकले, आणि जुळेना म्हणून बोटांनी ब्रॅकेट ढकलायला गेले.

“हात!”

मी दचकून हात मागे घेतला आणि त्याच क्षणी साखळी घसरली. इंजिन वीतभर खाली आलं आणि चॅसीवर आदळलं. माझी बोटं होती तिथेच. पत्र्याची कड पाकिटासारखी दुमडली.

मिस्त्रींनी साखळी दोन्ही हातांनी पकडून धरली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. खुर्चीतून अर्धे उठले होते, डाव्या हाताने दाराची चौकट धरलेली, तोंड उघडं. ऑगस्टनंतरचा पहिला नवा शब्द. आणि किती स्पष्ट.

मी धावत जाऊन त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणत राहिले, “बोललात तुम्ही. बोललात.” ते माझा हात धरून बोटं चाचपत होते, एकेक. सोडायलाच तयार नव्हते.

४ फेब्रुवारी

दोन दिवस सांगून पाहिलं, म्हणा बरं, हात. नाही जमत. घामाघूम होतात. पण मला आता मार्ग सापडलाय. जे व्यायामाने झालं नाही ते इंजिनाने केलं. इतके दिवस मी यांना खोलीत कोंडून ठेवलं हीच चूक. यापुढे रोज शेडमध्ये खुर्ची. “बसाल ना?” विचारलं.

“नको.”

मग जरा थांबून, माझ्याकडे बघून, “बरं.”

बरं म्हणाले.

१० फेब्रुवारी

रोज बसतात. शेडमध्ये गारवा आहे, पण शाल आहे, कानटोपी आहे. मिस्त्री आज रेंच पुसत पुसत म्हणाले, “वहिनी, तो इंजिनाकडे बघत नाही.”

“मग कुठे बघतात?”

“तुमच्याकडे.”

मी म्हटलं, “लग्नाला इतकी वर्षं झाली तेव्हा कधी बघितलं नाही, आत्ता काय बघायचंय?” पण नंतर लक्षात आलं. डॉक्टर म्हणाले होते की उजवीकडचं त्यांना कमी दिसतं. आणि इंजिन नेमकं उजवीकडे येत होतं. खुर्ची फिरवून ठेवली, आता इंजिन अगदी समोर. थोड्या वेळाने बघते तर मान वळवून पुन्हा माझ्याच दिशेला. मानेचाही व्यायाम होतोय तेवढाच.

१७ फेब्रुवारी

मनस्ताप. इंजिनच्या बुडाशी तेल साठतं ते भांडं, मिस्त्री त्याला चेंबर म्हणतात, ते पुढच्या आसावर टेकतंय. खड्ड्यातून गाडी गेली की आपटणार आणि फुटणार. म्हणजे चेंबर पुढून कापायचं आणि मागे खोल करून वेल्ड करायचं. त्याशिवाय फाउंडेशनं चुकलीत, पुन्हा करायची. मिस्त्रींनी स्वतःच मोजलं होतं. मी काही म्हणण्याआधी तेच म्हणाले, “डोळ्यांना दिसत नाही आता, हे सांगायला लाज वाटत होती.” त्यांच्यावर चिडायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. चष्म्याचा नंबर काढायला पाठवलं.

तोवर इंजिन पुन्हा बाहेर. सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेडचं दार लावताना वाटलं, आपण पण कुठेतरी ओंडक्यावर पडून राहावं, ताडपत्री घालून.

२२ फेब्रुवारी

ह्यांना ताप. छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले थंडी भरली, वेळेवर आणलंत.

वन्सं बॅग घेऊनच आल्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, पण चालताना मला मागे टाकतात. भावाच्या कपाळावर हात ठेवला आणि मग मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

“त्याला त्या थंड शेडमध्ये कोण बसवतं?”

“मीच. त्यांच्यासाठीच चाललंय सगळं.”

“तो म्हणाला असं?”

“बरं म्हणाले.”

“अगं, तो तुला कधी नाही म्हणालाय का?” आणि मग आवाज खाली आणून, “खरं सांग. हे कुणासाठी चाललंय?”

गॅसवरचं दूध उतू गेलं, ते पुसत राहिले. राग आला. पण लिहिताना राग येत नाहीये. खरंच कुणासाठी? गाडी झाली तरी हे चालवणार आहेत का? क्लच डाव्या पायाने दाबतील एकवेळ, पण ब्रेक? हे मला जानेवारीत कळत नव्हतं असं नाही. मी तिकडे पाहिलंच नाही.

२६ फेब्रुवारी

ताप उतरला. चार दिवस शेडकडे फिरकले नाही. मिस्त्री येऊन एकटेच काहीतरी ठोकून जातात. मी दिवसभर पलंगाशी खुर्ची लावून बसते. हे माझ्याकडे बघतात आणि डाव्या हाताने दार दाखवतात. पाणी हवंय का, नको. बाहेर बसायचंय का, नको. पुन्हा दाराकडे हात. शेवटी ह्यांनी वैतागून तोंड फिरवलं.

माझा इतका राग आलाय. येणारच. आजारी पाडलं मी त्यांना.

वन्सं म्हणाल्या, “मी आहे इथे. तू जा तिकडे.” म्हणून गेले. चेंबरचं वेल्डिंग झालंय, त्यात पाणी भरून गळतंय का बघायचं होतं. एक बारीक थेंब येत होता. खडूने खूण केली.

९ मार्च

जोडप्लेट बसली. गिअरबॉक्स आणि इंजिन एकमेकांना चिकटले तेव्हा जो आवाज आला, जाड पुस्तक मिटल्यासारखा, तो ऐकून मिस्त्री म्हणाले, “जमलं लग्न.” नव्या चष्म्यात ते शाळेतल्या हेडमास्तरांसारखे दिसतात.

पुढच्या चाकांवरचे, धक्के झेलणारे कमानीचे पाटे वजनाने दबलेत, एकेक जास्तीचा पाटा घालावा लागेल. मी ग्रीसमध्ये कोपरापर्यंत. नखं आता लॅबमध्ये परत जाण्यासारखी राहिली नाहीत.

वन्संनी मुक्काम वाढवलाय. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

१८ मार्च

सुरू झालं.

आधी होईना. मिस्त्री म्हणाले, डिझेलच्या नळीत हवा अडकलीय. हे काम मला सांगावं लागलं नाही. सिरिंजमधली हवा काढण्यात जन्म गेला. एकेक नट सैल करायचा, बुडबुडे संपून सलग धार येईपर्यंत पंप दाबायचा, नट आवळायचा. शेवटची नळी आवळली आणि मी म्हटलं, मारा स्टार्टर.

घरघर, घरघर, मग एक ठोका, काळा धूर, आणि मग सगळे सहा एकदम. जमीन हलली. मिस्त्री काहीतरी ओरडत होते, ऐकू येत नव्हतं. मी हसत होते, आणि हसता हसता घराकडे पाहिलं.

हे खिडकीत उभे होते. उभे. गज धरून, पण आपल्या पायांवर. मागे वन्सं नाहीत, कुणी नाही.

मी धावले तोपर्यंत खुर्चीत बसले होते. व्यायामवालीला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, “रोज उभे राहतात की, काकू. वऱ्हांड्यापर्यंत चालतात. मी तुम्हाला सांगितलं होतं.”

कधी सांगितलं? मला आठवत नाही.

२६ मार्च

आज गाडी रस्त्यावर काढली. ह्यांना घेऊन.

मिस्त्रींनी आणि मी मिळून त्यांना शेजारच्या सीटवर चढवलं, पट्टा लावला, पाठीला उशी दिली. वन्सं फाटकाशी उभ्या राहिल्या, नको नको म्हणत होत्या पण हसत होत्या. मी चालवायला बसले. ही गाडी मी आजवर एकदाच चालवली होती आणि तेव्हा यांनी माझ्या हातातून चाक घेतलं होतं. स्टिअरिंग जड आहे. पण पाय ठेवला की अशी उचलते, की पाठ सीटला चिकटते.

पहिल्या वळणापर्यंत मी त्यांना सांगत होते, बघा, दुसऱ्या गिअरमध्येच कशी जाते. नवे पाटे कडक आहेत, बारीक खडाही लागतो. मग त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, आनंदाने.

“नको,” म्हणाले.

गाडी बाजूला घेतली. डावा हात उजव्या खांद्यावर घट्ट दाबलेला. प्रत्येक धक्का त्या लुळ्या खांद्यात जात होता. चेहरा पांढरा पडला होता.

अगदी हळू परत आणलं. उतरवलं. वन्संनी खांद्याला गरम पिशवी लावली. मी वऱ्हांड्याच्या पायरीवर बसले. जानेवारीपासूनचं सगळं डोळ्यांसमोरून गेलं, घासलेला पत्रा, कापलेलं चेंबर, चिठ्ठ्या लावलेल्या डब्या. यातलं काहीच त्यांना नको होतं. गाडी बाहेर उभी होती, इंजिन तापलेलं, टक टक करत थंड होत होतं. मिस्त्री हत्यारं गोळा करून गेले.

मग आतून काठीचा आवाज आला. हे दारापर्यंत चालत आले, वन्सं दोन पावलं मागे, हात न लावता. चौकटीला टेकून उभे राहिले. काठी उचलून माझ्याकडे केली, मग गाडीकडे, मग रस्त्याकडे.

“कुठे जाऊ?” मी म्हटलं. “मला कुठे जायचंय?”

“बरं,” म्हणाले, आणि काठी रस्त्याकडेच धरून राहिले, हात थरथरायला लागला तरी.

तो हात खाली यावा म्हणून मी उठले. गाडी सुरू केली. फाट्यापर्यंत जाऊन वळणार होते. वळले नाही. जुन्या खाणीपर्यंत गेले, तिथून पाण्याच्या टाकीला वळसा घालून आले. कुणाचं औषध, कुणाची वेळ, काहीच आठवलं नाही. त्याची आठवण झाली ती घर दिसल्यावर.

उन्हं उतरली होती. हे टेबलाशी बसून डाव्या हाताने भात खात होते. निम्मा टेबलावर. वन्सं समोर बसून स्वतःचे हात मांडीत दाबून धरत होत्या, मदत करायची नाही म्हणून. मी दारात आले तसा त्यांनी चमचा थांबवला.

“परत.”

नवा शब्द. अगदी स्वच्छ.

“हो,” मी म्हटलं, “आले परत.”

मान हलवली. चमचा बाहेर गाडीकडे केला. “परत.”

गाडी उघड्यावर राहिली होती, ती परत शेडमध्ये लाव म्हणत असावेत. गेले आणि लावून आले. आत आले तर वन्सं पदराने डोळे पुसत हसत होत्या, आणि हे हताश होऊन छताकडे बघत होते.

२९ मार्च

एक तारखेपासून लॅब सुरू. वन्सं राहणार आहेत, व्यायामवाली दुपारी जास्त वेळ थांबेल. हे सगळं माझ्या मागे कधी ठरलं, देव जाणे.

सकाळी चहा झाल्यावर हे पुन्हा म्हणाले, “परत.”

“गाडी शेडमध्येच आहे,” मी म्हटलं. “आता आणखी कुठे लावू?”

त्यांनी डोळे मिटले. मग माझी पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलून माझ्यासमोर ठेवली. वन्सं आतून म्हणाल्या, “अगं बाई, तो कधीचा जा म्हणतोय.”

इंजिन मोठ्या चढावर तापतं का, ते बघायचं राहिलंच होतं. तेच सांगत असावेत. म्हणून गेले. खाणीच्या पलीकडे कच्चा रस्ता टेकडीवर जातो, तो धरला. चढ खूप आहे. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. मिस्त्रींना सांगायला हवं.

वर सपाट जागा आहे, एकच झाड. गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. वारा नव्हता. काच खाली करून जरा मान टेकली, पाच मिनिटं बसू म्हणून.

जाग आली तेव्हा झाडाची सावली गाडीच्या या बाजूची त्या बाजूला गेली होती. मान आखडली होती, गालावर सीटच्या शिवणीचा वळ उठला होता. मला आधी कळेचना मी कुठे आहे आणि कशाने उठले. कान देऊन ऐकलं. कुणी हाक मारली नव्हती. झोप झाली होती, म्हणून उठले होते.